घरी केलेला ठसा नीट उमटत नाही? या चुका टाळा

पहिला छाप बिघडला की हात लगेच कटरकडे जातो आणि बरा असलेला ठसा उगाच आणखी कोरला जातो. थोडं थांबा. रद्दी कागदावर तोच ठसा चार-पाचदा उमटवा आणि कागद शेजारी-शेजारी ठेवून बघा. दर वेळी एकच जागा कोरी राहत असेल, तर दोष ठशात आहे. कोरी जागा बदलत असेल, तर रंग चढवण्यात किंवा दाबण्यात.

मध्यभाग कोरा आणि कडा ठळक, म्हणजे ठशाचा माथा आत खचलाय. बटाटा वाळला, पुठ्ठा वाकला किंवा फोम बाटलीच्या झाकणावर चिकटवला की हे होतं, कारण झाकणाची किनार उंच असते आणि मधला भाग खाली राहतो. उलट, मध्यच उमटतो आणि कडा येत नाहीत, तेव्हा खाली ग्लू गनचा गोळा राहिलेला असतो किंवा तुम्ही एकाच बोटाने मधोमध दाबताय. रेषेला दुहेरी किनार आली, तर ठसा उचलताना सरकला किंवा रंग जास्त झाला. आणि कोरलेल्या भागातल्या बारीक रेघाही उमटत असतील, तर खोली कमी पडली.

खोडरबरचे ठसे

पाच-दहा रुपयांचं पांढरं, मऊ, विनाइलचं खोडरबर घ्या. टणक किंवा वाळूसारखं खरखरीत रबर कापताना भुगा होतं. नव्या रबरावर पावडरीचा थर असतो, त्यावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. आधी साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. वर कंपनीचं नाव उठावदार असेल, तर बारीक पॉलिश पेपर सपाट टेबलावर ठेवून रबर त्यावर फिरवा. पेपर हातात धरून घासलं तर कडा गोल होतात आणि मग त्या छापतच नाहीत.

अक्षरांची सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे ती दोनदा उलटी करणं. बटर पेपरवर २बी किंवा ४बी पेन्सिलीने नाव सरळच लिहा, पेन्सिलीची बाजू रबरावर पालथी ठेवा आणि चमच्याच्या पाठीने घासा. रबरावर अक्षर आपोआप उलटं येतं आणि कागदावर सरळ छापतं. आधीच उलटं लिहिलंत, तर कागदावरही उलटंच येईल.

देवनागरीची स्वतःची अडचण आहे. शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते, म्हणून ती दीड मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. तुटली की शब्दाचा कणाच गेला. म, भ यांच्या गाठी आणि ब, व यांची पोटं शाईने भरतात, ती लिहितानाच मोठी काढा. अनुस्वार कोरायचा हट्ट सोडा. सुटा ठिपका दोन-चार छापांत निखळतो. तो नंतर आगकाडीच्या टोकाने वेगळा द्या, छान गोल येतो.

कापताना पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे उठाव वर अरुंद आणि तळाशी रुंद राहील. पातं आत वळलं, तर रेषेखालचा आधार जातो, दाबताना ती लवते आणि तिथून फाटते. २ ते ३ मिलिमीटर खोली पुरते. गोलाईवर पातं स्थिर ठेवून रबर फिरवा. दुसऱ्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. लहान मुलांना कटर न देता पुढचा फोमचा प्रकार द्या.

फोम शीट आणि पुठ्ठा

२ मिलिमीटरची फोम शीट कात्रीने कापली जाते, पण ती चिकटवायची कशावर हे महत्त्वाचं. खोक्याचा नुसता पुठ्ठा पाण्याच्या रंगाने दहा-बारा छापांत मऊ पडतो. पुठ्ठाच वापरायचा तर दोन तुकडे त्यांच्या आतल्या नळ्यांची दिशा आडवी-उभी ठेवून चिकटवा आणि वरून पॅकिंगची टेप गुंडाळा. फर्निचरच्या कामातून उरलेला १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा मिळाला तर त्याला तोड नाही.

पांढरा फेविकॉल फोमखाली लवकर वाळत नाही, कारण फोम पाणी शोषत नाही. फेविबॉण्ड या रबरी गोंदाचा पातळ थर दोन्हीकडे लावा, दहा-एक मिनिटं हाताला कोरडा लागेपर्यंत थांबा, मग दाबा. हाच गोंद थर्माकोलवर मात्र लावू नका, तो थर्माकोल खातो.

फोमवर नक्षी दाबून काढायला रिफिल संपलेलं बॉलपेन वापरा. चालू पेनची शाई पहिल्या काही छापांत उतरते.

बटाटा, भेंडी

बटाटा करवतीसारखा पुढेमागे कापला की पृष्ठभागावर लाटा येतात. लांब सरळ सुरीने एकाच दाबात कापा. कापलेली बाजू जुन्या सुती कापडावर १०-१५ मिनिटं पालथी ठेवा, नाहीतर त्याचं पाणी रंगात मिसळून छाप फिका आणि पसरट येतो. ओला बटाटा किंवा चिकट भेंडी स्टॅम्प पॅडवर दाबू नका, पॅड खराब होतं. भाज्यांना दाट रंग स्पंजने लावा. नागपूरच्या उन्हाळ्यात कापलेला बटाटा तासा-दोन तासांत खचतो, म्हणून कागद, रंग सगळं मांडून झाल्यावरच सुरी हातात घ्या.

रंग, कूलर आणि पावसाळा

ठसा रंगात बुडवू नका. बशीत रंग पातळ पसरवा, स्पंजने टिपून ठशावर लावा आणि ठसा उजेडात तिरका धरून बघा. कोरलेल्या खोबणीत ओली चमक दिसली, तर रंग जास्त आहे.

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा ॲक्रिलिक ठशावरच वाळतं. छाप तुटक येतो, आपण जास्त रंग लावतो आणि खोबण्या बुजतात. पंखा बंद ठेवा, एका वेळी चमचाभरच रंग काढा, दर पाच-सहा छापांनी ठसा ओल्या फडक्याने टिपून कोरडा करा. वाळलेला रंग काढायला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नको, विनाइल मऊ पडतं. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरे.

कूलरसमोर बसून छापणं ही इथली खास चूक. त्या दमट हवेने कागद सैल पडतो, कडा वळतात, शाई फुटते. कागदाचा गठ्ठा शेजारच्या खोलीत ठेवा आणि लागेल तसा आणा.

कागदाखाली टणक टेबल असेल तर उत्तम ठसाही तुटक छापतो. वर्तमानपत्राच्या आठ-दहा पानांची गादी ठेवा. कापडासाठी चौघडी ब्लँकेट आणि वर जुनी सुती चादर.

तान्ह्या पोळ्याची झूल

तान्हा पोळा म्हणजे विदर्भातला मुलांच्या लाकडी बैलांचा सण. त्यासाठी बैलाची झूल छापणाऱ्यांनी मखमल टाळावी, लव आडवी येते आणि नक्षी तुकड्यांत दिसते. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून साधं सुती कापड आणा, धुऊन त्याची खळ काढा, इस्त्री करा. लाल कापडावर पिवळा रंग नारिंगी होऊन बुडतो. आधी पांढऱ्याचा छाप देऊन वाळू द्या किंवा अपारदर्शक सोनेरी वापरा.

किनारीच्या शेवटी अर्धाच ठसा मावतो, कारण मोजणी आधी झालेली नसते. ३० सेंटिमीटरची किनार, ४ सेंटिमीटरचा ठसा आणि १ सेंटिमीटर अंतर धरलं, तर सहा ठसे बसतात: २४ अधिक ५, म्हणजे २९. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेंटिमीटर सोडा. संख्या सम आहे, म्हणून किनारीचा मध्य मोकळ्या जागेत येईल; तिथून दोन्हीकडे छापत जा. ठशाच्या पाठीवर वरच्या दिशेचा बाण काढा, नाहीतर एखादं फूल हमखास उलटं बसतं.

पोळा श्रावण अमावस्येला आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन ओलाव्यात. कापडाचा रंग एरवी २४ तासांत वाळतो, तेव्हा ४८ तास द्या. मग उलट बाजूने, मध्ये फडकं ठेवून, वाफ न सोडता इस्त्री करा. त्यामुळे झुलीचं काम निदान चार दिवस आधी सुरू करा.

काम संपल्यावर खोडरबरचे ठसे प्लास्टिकच्या डब्यात उघडे टाकू नका. विनाइल मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य प्लास्टिकमध्ये उतरतं आणि दोन्ही चिकटून बसतात. दुकानातल्या खोडरबरला कागदी वेष्टन असतं ते यासाठीच. प्रत्येक ठसा वेगळ्या कागदात गुंडाळा, माथ्यावर वजन येऊ देऊ नका आणि गच्चीलगतच्या तापणाऱ्या खोलीऐवजी खालच्या कपाटात ठेवा.