वाडा, लेणी, टेकडी दिव्यांगांसाठी खुली करताना

रॅम्पपासून सुरुवात करू नका. आधी वाट मोजा, आणि तीही फाटकापासून नव्हे, माणूस बस किंवा मेट्रोतून उतरतो तिथपासून. पुण्यात शनिवारवाड्याचं काम असेल तर कसबा पेठ मेट्रो स्थानकाच्या लिफ्टपासून. पदपथाची कड, रस्ता ओलांडण्याची जागा, फाटक, तिकीटखिडकी, आतली वाट, स्वच्छतागृह आणि शेवटी वास्तू. यात एका जागी जरी व्हीलचेअर अडली तरी पुढचा सगळा खर्च वाया जातो. मोजणीला व्हीलचेअर वापरणारी, पांढरी काठी वापरणारी आणि कुबड्यांवर चालणारी माणसं सोबत हवीतच. त्यांचं मानधन अंदाजपत्रकात धरा.

उतार मोजायला १२०० मिमी लांबीची लेव्हल पट्टी पुरते. ती उतारावर ठेवायची, बुडबुडा मधोमध येईपर्यंत खालचं टोक उचलायचं आणि त्या टोकाखालची फट मोजायची. फट १०० मिमी भरली तर उतार १:१२, म्हणजे रॅम्पची कमाल मर्यादा. ६० मिमी भरली तर १:२०. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवणाऱ्याला हा झेपतो. मग पट्टी वाटेवर आडवी ठेवा. इथे २४ मिमीच्या वर जाऊ नये. आडवा उतार जास्त असला की खुर्ची सतत एका बाजूला ओढली जाते आणि एकच हात दमतो. हे माप बहुतेक नकाशांत नसतंच.

शनिवारवाडा, पाताळेश्वर लेणी आणि आगाखान पॅलेस ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं आहेत. प्राचीन स्मारकांबाबतच्या १९५८च्या कायद्यातील २०१०च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. त्यामुळे तात्पुरती फळी टाकायची असली तरी आधी लेखी परवानगी घ्या. अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचा उल्लेख करा, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ८ नोव्हेंबर २०२४च्या राजीव रतुरी निकालाचाही: सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

जुन्या दगडाला भोक पाडायचं नाही, हा पहिला नियम. दगडात ठोकलेला लोखंडी खिळा गंजला की फुगतो आणि दगड तडकतो. म्हणून रॅम्प स्वतःच्या पायांवर उभा राहणारा आणि उचलून नेता येणारा करा, आणि त्याखाली रबरी पट्ट्या घाला. उंबरठा १५० मिमीचा असेल तर १:१२ ने रॅम्प १८०० मिमी लांब होतो. दोन्ही टोकांना १५०० मिमी सपाट जागा सोडा. उंबऱ्याच्या आतल्या बाजूचा रॅम्प हमखास विसरला जातो, मग माणूस वर चढतो आणि तिथेच अडकतो. रुंदी १२०० मिमी, दोन्ही कडांना चाक घसरू नये म्हणून उंचवटा, कठडे ७६० आणि ९०० मिमीवर. गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी किंवा चेकर्ड पत्रा पावसात घसरतो. पृष्ठभाग खरखरीतच हवा.

जिथे उतरणच मोठी आहे, जसं रस्त्याच्या पातळीखाली कोरलेल्या पाताळेश्वरात, तिथे हिशेब प्रामाणिक ठेवा. प्रत्येक १ मीटर खोलीला १२ मीटर रॅम्प लागतो आणि दर ९ मीटरांवर सपाट टप्पा. जागा नसेल तर १:६चा रॅम्प करून मोकळं होऊ नका; तो धोकादायक असतो. चौघांनी खुर्ची उचलणं हीसुद्धा सोय नव्हे. बॅटरीवरची खुर्ची माणसासकट दीडशे किलोच्याही पुढे जाऊ शकते. अशा जागी वरून नीट दिसेल असा सपाट कट्टा, हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती आणि आतलं चित्रण, एवढं तरी उभं करा.

टेकडीवर वेगळा पेच आहे. दुचाक्या रोखायला लावलेले खांब आणि नागमोडी फाटकं व्हीलचेअरही रोखतात. खांबांमधलं अंतर वाढवलं की स्कूटरही शिरते. उपाय वळणाचा: ९०० मिमीचं झुलतं फाटक आणि आत १५०० मिमी मोकळा चौक. सव्वा मीटरची खुर्ची तिथे वळते, पावणेदोन-दोन मीटरची दुचाकी वळत नाही. पक्कं करण्याआधी बांबू बांधून दोन्ही वाहनांनी चाचणी घ्या. लांब खुर्च्यांसाठी शेजारी कुलपाचं फाटक ठेवा आणि किल्ली कोणाकडे आहे ते तिथेच लिहा.

वाट दीड मीटर रुंद करा. जमीन वनखात्याची असेल तर त्यांची, महापालिकेची असेल तर उद्यान विभागाची परवानगी लागते. १५० मिमी खोदून तळाशी १०० मिमी मुरूम आणि वर ५० मिमी बारीक कच (दगडाचा चुरा), दोन्ही थर पाणी मारून रोलरने दाबलेले. १०० मीटर वाटेला सुमारे ७ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम आणि साडेतीन ब्रास कच लागते. दबल्यावर आकारमान घटतं, ते यात धरलं आहे. रोलर न फिरवता सुटी खडी पसरली तर पुढची चाकं रुततात. १:२०पेक्षा जास्त उतारावर कच पहिल्याच जोरदार पावसात वाहून जाते, तिथे खरखरीत काँक्रीट किंवा दगडी फरसबंदी घाला. गटारावरच्या जाळीची फट १२ मिमीपेक्षा मोठी नको. काठीचं टोक आणि लहान चाक त्यात अडकतं. दर ३० मीटरवर पाठ असलेला बाक ठेवा आणि शेजारी खुर्चीसाठी ९०० मिमी जागा.

पक्षी पाहण्याच्या आडोशाला एक झरोका ९०० ते १२५० मिमी उंचीवर हवा, खाली गुडघे शिरतील अशी पोकळी.

ब्रेल फलकांत तर चुकांची रांगच दिसते. ब्रेलचे ठिपके 'मोठे, म्हणजे सोपे' असं समजून वाढवले की बोटाखाली अक्षर मावत नाही आणि वाचता येत नाही. छापील, सपाट ठिपके निरुपयोगी. काचेमागचा फलक तसाच. उन्हात लावलेला धातूचा फलक एप्रिलमध्ये हात लावू देत नाही, म्हणून सावली बघा. मराठी मजकूर ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीकडून तपासून मगच छापा. कर्णबधिरांसाठी भारतीय सांकेतिक भाषेतली, बोलणं खाली लिहून दाखवणारी चित्रफीत ठेवा. टेकडीवर रेंज नसेल तर ती घरूनच मोबाईलवर उतरवता आली पाहिजे.

माहिती देताना 'सुगम' एवढंच लिहू नका. 'मुख्य दारी १४० मिमी उंबरठा, फळी मिळते. स्वच्छतागृहाचं दार ९०० मिमी. शेवटचे ४० मीटर चढ १:१०' असं लिहा. त्यावरून ज्याचं त्याला ठरवता येतं.

देखभालीचं वेळापत्रक लावूनच काम हाती घ्या. राखीव स्वच्छतागृहात झाडू-बादल्या ठेवलेल्या असतात, ते दर आठवड्याला बघा. देण्यासाठी ठेवलेल्या खुर्च्यांचे ब्रेक आणि पायठेवणी महिन्यातून एकदा तपासा. टेकडीवर बाभळीच्या काट्यांनी हवेचे टायर टिकत नाहीत, तिथे भरीव टायर घ्या. वाटेची लेव्हल मेअखेर आणि दिवाळीनंतर पुन्हा त्याच पट्टीने मोजा, आणि कच जिथे वाहून गेली असेल तिथे ती भरण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा.