गायरानातलं गाजरगवत काढायचंय? मग जिथं चांगलं गवत उरलंय तिथून सुरू करा

मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की मराठवाड्यातल्या कुठल्याही गावच्या गायरानात जाऊन बघा, गाजरासारख्या पानांची रोपं भुईला चिकटून बसलेली दिसतात. हेच ते गाजरगवत, म्हंजे काँग्रेस गवत. मूळचं अमेरिकेकडचं, आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं, अन् आता नांदेडपासून धाराशिवपर्यंत रस्त्याची कड सापडत नाही जिथं ते नाही. पिकाचं नुकसान सगळ्यांना माहितीये, पण माळाचं कुणी बोलत नाही. मारवेल, पवन्या, कुसळ हे आपलं गवत गेलं की काळविटाला चारा राहत नाही, गाजरगवताला तर ते तोंडही लावत नाही. तित्तर, चंडोल, टिटवी यांचा सगळा संसारच त्या माळावर असतो. शिवाय ह्या झाडातून जमिनीत असं काही रसायन उतरतं की शेजारचं बी नीट उगवतच नाही.

आमच्या गावात एकदा जेसीबी लावून अख्खं गायरान खरवडून काढलं, दोन दिवस लई छान दिसलं. पुढच्या पावसाळ्यात तिथं कमरेएवढं गाजरगवत उभं होतं आणि आधी जे थोडंफार मारवेल होतं तेही गेलं. उघडी माती म्हंजे ह्या तणाला आयतं रान, एक झाड हजारो बिया टाकतं आणि त्या मातीत कित्येक वर्ष जिवंत राहतात. म्हणून सगळ्यात दाट जागेवर आधी तुटून पडू नका, उलटं करा.

आधी गायरान पायी फिरा, सोबत गुरं राखणारे एखादे आबा घ्या, त्यांना कुठं कोणतं गवत आहे ते तोंडपाठ असतं. जिथं देशी गवत बऱ्यापैकी टिकलंय आणि गाजरगवत मधूनमधून आहे त्या पट्ट्याच्या कडेला दगड मांडून रेष करा. काम ह्या रेषेच्या आतून सुरू करायचं आणि दरवर्षी रेष बाहेर सरकवायची, बस.

उपटायचं ते फुलं यायच्या आधी, पाऊस उघडल्यावर माती ओली असताना, म्हंजे सोटमूळ सगळं निघतं. विळ्यानं कापलं तर बुडातून परत फुटतं, मेहनत वाया. हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल हे पाहिजेच, ह्याच्यानं अंगाला खाज सुटून चट्टे उठतात आणि दमा असलेल्या माणसाला तर जवळच येऊ देऊ नका. उपटलेलं बिनफुलाचं झाड खड्ड्यात शेणकाल्यासोबत थरावर थर टाकून कुजवा, चार-पाच महिन्यात चांगलं खत होतं. फुलं आलेलं मात्र खतात अजिबात नाही, ते पोत्यात भरून वेगळं काढा.

आणि हात घालण्याआधी बघत चला. गेल्या ऑगस्टात उपटता उपटता माझा हात मारवेलच्या एका ठोंबाच्या बुडाशी गेला अन् अगदी बोटांजवळून भुर्रकन चंडोल उडाला. वाकून बघितलं तर वाटीएवढा खळगा, आत वाळल्या काड्यांचं अस्तर आणि तीन मातकट ठिपक्यांची अंडी. आम्ही तिथून लगेच मागं झालो, लांबवर एक काठी रोवली आणि तेवढा तुकडा त्या वर्षी सोडून दिला, तुम्हीही असंच करा, चार गाजरगवतं राहिली तर राहू द्या. फवारणी मी माळावर करतच नाही. ग्लायफोसेट ह्या तणनाशकानं देशी गवतही जळतं, आणि मिठाचं पाणी मारतात काही जण त्यानं माती बिघडते.

आता राहिला दाट भाग, तिथं मेक्सिकन भुंगे सोडायचे. हा कीटक १९८३ साली मेक्सिकोतून खास ह्याच कामासाठी आपल्याकडं आणला, पांढुरका रंग, पाठीवर तपकिरी रेघा, गव्हाच्या दाण्याएवढा. परभणीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा, किंवा जिथं पानं चाळणीसारखी झालेली दिसतील तिथले पकडून भोकं पाडलेल्या बरणीत थोड्या पाल्यासोबत आणा. जुलै-ऑगस्टमध्ये एका जागी पाचशे ते हजार सोडा आणि तिथलं गाजरगवत उपटू नका, ते त्यांचं खाद्य आहे. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही म्हणून नाराज होऊ नका, थंडी-उन्हाळ्यात भुंगे जमिनीत दडून राहतात आणि पावसाला वर येतात, म्हणून ती जागा नांगरायची नाही.

उपटून मोकळी झालेली जागा त्याच पावसात भरलीच पाहिजे, माझ्या मते हेच खरं काम आहे. बांधावरच्या मारवेलचे ठोंब खणून फोडा, दीड-दोन फुटावर लावा. कुसळ-पवन्याचं बी दिवाळीच्या आसपास पिकतं, ते गोळा करून ठेवा आणि पुढच्या पावसाआधी शेणमातीत कालवून टाका. पहिलं वर्षभर त्या तुकड्यात गुरं-शेरडं सोडायची नाहीत, हे गावात बसून आधीच ठरवा नाहीतर भांडणं होतात. बरेच जण सांगतात तरोट्याच्या झाडाचं बी टाका, तो गाजरगवताला दाबतो. दाबतो हे खरं, पण आखूड, चपट्या, केसाळ शेंगांचा जो तरोटा आहे तोही परदेशीच आहे आणि आता माळच्या माळ व्यापतोय. तो नका टाकू. गिरिपुष्प आणि सुबाभूळही माळावर नको, सावली पडली की गवत मरतं.

दसऱ्यानंतर रेषेवरून परत एक चक्कर मारा. आत एखादं फुललेलं झाड सापडलं तर झटकू नका, आधी पिशवी वरून घाला, मग उपटा. रस्त्याच्या कामाचा मुरूम गायरानात टाकला असेल तर त्या ढिगाभोवती दर पंधरा दिवसांनी बघा, बी बहुतेक तिथूनच येतं.