होस्टिंग फुकट चालेल, पत्ता मात्र स्वतःचा घ्या

नवा ब्लॉग सुरू करताय? लगेच होस्टिंगचे, म्हणजे ब्लॉग इंटरनेटवर ठेवायच्या जागेचे, पैसे भरू नका. पाककृती, प्रवासवर्णनं, कविता लिहायच्या असतील तर गूगलचं फुकटचं ब्लॉगर सुरुवातीला पुरतं. खर्च करायचाच तर आधी स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, घ्या. ब्लॉगरला ते जोडायचे वेगळे पैसे पडत नाहीत; वर्डप्रेस डॉट कॉम या ब्लॉगरसारख्याच दुसऱ्या सेवेवर त्यासाठी पैसे भरून प्लॅन घ्यावा लागतो. पुढे होस्टिंग बदललं तरी वाचकांकडे असलेला पत्ता तोच राहतो, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. याहूनं २००९ साली लोकांची वेबपानं ठेवणारी अमेरिकेतली फुकटची जिओसिटीज सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षं जपलेल्या पानांचे पत्ते एका फटक्यात गेले.

स्वतःच्या आवडीचे प्लगिन (ब्लॉगला जादा सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅम) हवेत किंवा ब्लॉगवरून काही विकायचंय, तेव्हा विकतचं होस्टिंग जरूर घ्या. फक्त मोठ्या अक्षरातल्या पहिल्या वर्षाच्या दराला भुलू नका. खाली बारीक अक्षरात नूतनीकरणाचा दर असतो, तो बघा. बहुतेकदा तो बराच जास्त निघतो.

आणि बॅकअप घ्याच. ब्लॉगरमधून उतरवलेल्या लेखांच्या फाइलमध्ये फोटो येत नाहीत. ते वेगळे साठवून ठेवा.