आयट्यून्सच्या डुप्लिकेट लायब्ररी फाइल्स कशा साफ करायच्या
आयट्यून्स म्हणजे ॲपलचं गाणी साठवायचं आणि वाजवायचं सॉफ्टवेअर. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, गाणी वेगळी आणि लायब्ररीची फाइल वेगळी. गाणी एमपीथ्री नाहीतर एमफोरए फाइलींमध्ये असतात, आणि 'आयट्यून्स लायब्ररी डॉट आयटीएल' ही त्यांची वही, कुठलं गाणं डिस्कवर कुठे आहे, किती वेळा वाजलं, किती स्टार दिलेत, सगळं त्यात. ती चुकून उडाली तर गाणी जागेवरच राहतात पण वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट जातात, म्हणून इथे घाई अजिबात नको.

विंडोजवर म्युझिक फोल्डरमध्ये आयट्यून्स फोल्डर उघडा. बऱ्याच जणांकडे तिथे दोन-तीन आयटीएल फाइल्स सापडतात, एखादीच्या नावात कंसात डॅमेज्ड लिहिलेलं असतं, शिवाय टेम्प फाइल १, टेम्प फाइल २ अशी रांग. यातली चालू फाइल कुठली हे नावावरून ठरवू नका. आयट्यून्स उघडा, एक गाणं शेवटपर्यंत वाजू द्या, आयट्यून्स बंद करा आणि मग डेट मॉडिफाइड बघा, ज्या आयटीएलची वेळ आत्ताची झाली तीच तुमची खरी वही. सगळ्याच जुन्या तारखा दाखवत असतील तर लायब्ररी दुसऱ्याच फोल्डरमध्ये आहे, कदाचित एक्स्टर्नल डिस्कवर, तिकडे शोधा.

आता आयट्यून्स बंदच ठेवून चालू फाइलची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा आणि बाकीच्या आयटीएल, टेम्प फाइल्स डेस्कटॉपवर 'जुनं' नावाचं फोल्डर करून त्यात हलवा. हलवा म्हणतोय, डिलीट नाही. प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज फोल्डरमध्ये अपडेटच्या वेळी ठेवलेल्या तारखेच्या कॉप्या असतात, त्यातल्या शेवटच्या दोन राहू द्या, बाकी त्याच 'जुनं'मध्ये. नावात जीनियस किंवा एक्स्ट्राज असलेल्या फाइल्सना हात लावू नका, त्या डुप्लिकेट नाहीत. तिथली एक्सएमएल फाइल, म्हणजे लायब्ररीतल्या यादीची दुसऱ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारी प्रत, दुसरं एखादं सॉफ्टवेअर वाचत असेल तरच कामाची.

परत आयट्यून्स उघडल्यावर लायब्ररी रिकामी दिसली तर घाबरू नका, चालू फाइल हलली म्हणून त्याने नवीन कोरी फाइल बनवली एवढंच. बंद करा, कोरी काढून टाका, जुनी जागेवर आणा. कुठल्या जुन्या फाइलमध्ये काय आहे ते बघायचं असेल तर तिला एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाव फक्त आयट्यून्स लायब्ररी डॉट आयटीएल करा, मग शिफ्ट दाबून ठेवून आयट्यून्स उघडा आणि चूज लायब्ररीमधून ती निवडा, एखादी हरवलेली प्लेलिस्ट तिथेच मिळते कधीकधी. मॅकवर हेच ऑप्शन की दाबून होतं, फक्त २०१९ च्या कॅटलिना या मॅकओएस आवृत्तीपासून आयट्यून्सच्या जागी म्युझिक ॲप आलंय आणि त्याची लायब्ररी डॉट म्युझिकलायब्ररी नावाची असते.

महिनाभर सगळं नीट वाजलं, प्लेलिस्ट जागच्या जागी दिसल्या की मग 'जुनं' रिसायकल बिनमध्ये टाका.