टचपॅडची माहिती कुठे साठवावी: लिनक्सवर या चुका टाळा

नाशिकमध्ये सातपूरच्या एका प्रशिक्षण वर्गातील जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स बसवल्यानंतर एकच तक्रार वारंवार येत होती: बोट उभे फिरवले की पॉइंटर पळे आणि आडवे फिरवले की रखडे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक खात्यात पॉइंटरचा वेग बदलणारी स्क्रिप्ट टाकलेली होती, आणि मूळ चूक तीच होती. टचपॅड किती मिलिमीटर लांब-रुंद आहे ही त्या यंत्राची वस्तुस्थिती आहे, वापरणाऱ्याची आवड नव्हे. म्हणून तिची नोंद सर्व खात्यांना लागू होणाऱ्या युडेव्ह या, लिनक्समध्ये उपकरणे ओळखणाऱ्या यंत्रणेच्या हार्डवेअर डेटाबेसमध्येच असायला हवी. टॅपने क्लिक व्हावे का, मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड आराखडा हवा का, हे मात्र ज्याच्या त्याच्या सेटिंगमध्ये राहू द्यावे.

त्या स्क्रिप्टमध्ये टचपॅड ‘इव्हेंट ५’ या, लिनक्सने उपकरणाला दिलेल्या क्रमांकाने ओळखला होता. हा क्रमांक कायमचा नसतो. यूएसबी माउस जोडून संगणक सुरू केला की तो दुसऱ्याच उपकरणाकडे जाऊ शकतो. डेटाबेसमध्ये टचपॅडचे नाव आणि लॅपटॉपचे मॉडेल ही दोन्ही द्यावीत, कारण एकाच नावाचे टचपॅड वेगवेगळ्या मापांत अनेक लॅपटॉपांवर आढळतात. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या ‘एक्स’ या जुन्या यंत्रणेच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये माप लिहिणेही व्यर्थ, कारण तिच्या जागी आलेली वेलँड ती फाइल वाचतच नाही.

लिनक्सच्या गाभ्याकडून (कर्नल) टचपॅडचे रिझोल्यूशन, म्हणजे दर मिलिमीटरला किती एकके हे, मिळाले नाही, तर टचपॅड-माउसच्या हालचाली हाताळणारी लिबइनपुट ही लायब्ररी टचपॅड ६९ × ५० मिमी आहे असे धरून चालते. आमचा टचपॅड पट्टीने मोजला तेव्हा १०० × ५६ मिमी भरला, आणि आडवी हालचाल का रखडते याचा उलगडा झाला: आडवे अंतर खऱ्याहून बरेच कमी धरले जात होते. हे माप लिबइनपुटच्या मापन-साधनाला देऊन चारही कडांपर्यंत बोट फिरवले की डेटाबेससाठी लागणारे आकडे मिळतात.

नोंद ‘यूएसआर’ (/usr) या फोल्डरखालील फाइलमध्ये करू नये, पॅकेज अद्ययावत होताच ती पुसली जाते, ‘ईटीसी’ (/etc) खालील युडेव्हच्या फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइल करावी. उपकरण ओळखणारी ओळ अगदी डाव्या कडेपासून सुरू व्हावी आणि गुणधर्माच्या ओळीआधी एक, केवळ एकच, मोकळी जागा सोडावी. माझे सर्वाधिक तास या मोकळ्या जागेनेच खाल्ले आहेत.

एवढे करूनही फरक दिसत नसेल, तर डेटाबेस पुन्हा संकलित करायचा राहिला असण्याची शक्यता मोठी आहे. यंत्रणा मजकुराची फाइल थेट वाचत नाही, तिच्यापासून बनलेली बायनरी, म्हणजे यंत्राला वाचता येणारी, फाइल वाचते. म्हणून ‘सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ (systemd-hwdb update) आणि त्यानंतर ‘युडेव्हॲडम ट्रिगर’ (udevadm trigger) या आज्ञा द्याव्यात. नोंद नीट चालू लागली की ती युडेव्ह ज्याचा भाग आहे त्या सिस्टमडी प्रकल्पाकडे जरूर पाठवावी, म्हणजे त्याच मॉडेलचा लॅपटॉप वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाला पुन्हा पट्टी घेऊन बसावे लागणार नाही.