बिग डेटा प्लॅटफॉर्म घ्यायचा की टाइम सिरीज डेटाबेस? आधी कॅल्क्युलेटर काढा

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात मशीनचा डेटा गोळा करायची कामं मी करतो, आणि कुठेही गेलो तरी चहा यायच्या आत एक प्रश्न येतोच, की आमचा डेटा लय आहे हो, बिग डेटाच लागेल ना? टेबलावर दोन कोटेशन पडलेली असतात. एकात हडूप, स्पार्क, लेकहाऊस असे भारी शब्द आणि खालचा आकडा बघून शेठनी कागद उलटा करून ठेवलेला, दुसऱ्यात नुसतं "टाइम सिरीज डेटाबेस, एक सर्व्हर" आणि आकडा एवढा कमी की त्याच्यावरच जास्त संशय. बिग डेटा प्लॅटफॉर्म म्हणजे डेटाचा मोठा ढीग बऱ्याच सर्व्हरवर पसरून चाळायची यंत्रणा, आणि टाइम सिरीज डेटाबेस म्हणजे वेळेसकट येणारी रीडिंग साठवायलाच बनवलेला डेटाबेस. मी म्हणतो दोन्ही कागद बाजूला ठेवा, आधी हिशोब करू.

समजा ४० सीएनसी (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारी) मशीन आहेत, प्रत्येकीचे १२ टॅग, म्हणजे स्पिंडल लोड, आरपीएम, फीड, करंट, कूलंटचं टेंपरेचर वगैरे, आणि प्रत्येक सेकंदाला एक रीडिंग. ४० गुणिले १२ झाले ४८०, त्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणा, ४ कोटी १४ लाख ७२ हजार पॉइंट, एका दिवसात. वर्षाचे दीड हजार कोटींच्या वर. हा आकडा ऐकला की सेल्सवाल्याचे डोळे चमकतात आणि शेठचे पांढरे होतात. पण थांबा, एका पॉइंटमध्ये असतं काय? ८ बाईट वेळेचे, ८ बाईट आकड्याचे, एकूण १६. म्हणजे वर्षभराचा सगळा कच्चा डेटा साधारण २४२ जीबी, लॅपटॉपच्या ५१२ जीबीच्या एसएसडीवर लोळत मावेल एवढा.

आणि हे पण न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता. टाइम सिरीज डेटाबेसची खरी गंमत दाबण्यात आहे. रीडिंग १०:००:०१, १०:००:०२, १०:००:०३ असं येत असेल तर दर वेळी पूर्ण वेळ कशाला लिहायची, फरक लिहा, फरक नेहमी १ च असेल तर फरकातला फरक लिहा, तो शून्य, आणि शून्य लिहायला एक बिट पुरतो. आकड्यांचं पण तसंच, कूलंटचं टेंपरेचर दहा सेकंद हललंच नाही तर मागचाच आकडा आहे एवढी खूण पुरे. फेसबुकने २०१५ मध्ये गोरिला नावाच्या त्यांच्या सिस्टिमचा पेपर काढला, त्यात त्यांच्या डेटावर १६ बाईटचा पॉइंट सरासरी १.३७ बाईटवर आला होता. तुमच्याकडे इतकं होईलच असं नाही, करंटसारखा सारखा नाचणारा टॅग कमी दाबला जातो, पण २ बाईट धरले तरी वर्षाचे ३० जीबी. पेनड्राइव्ह!

हाच डेटा पोस्टग्रेस या साध्या, नेहमीच्या डेटाबेसच्या टेबलात एका रीडिंगची एक ओळ असा टाकला तर प्रत्येक ओळीमागे हेडर वगैरे धरून पन्नासेक बाईट जातात, वर इंडेक्स (लवकर शोधायची सूची) वेगळा, म्हणजे वर्षाला ८०० जीबीच्या आसपास आणि त्यावर इंडेक्सचा बोजा. मग क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, रडायला लागते आणि कोणीतरी म्हणतं की बघा, मी म्हटलं नव्हतं, बिग डेटा झालाय.

तर पहिलं काम हे, मशीन गुणिले टॅग गुणिले सेकंद, स्वतःच्या हाताने. आणि प्रत्येक टॅग खरंच सेकंदाला लागतो का ते मेंटेनन्सवाल्याला विचारा, टेंपरेचर १० सेकंदाला घेतलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं, आणि तेच लोक टाळतात. एक वही घ्या आणि आठवडाभर फॅक्टरीतले लोक डेटाला काय विचारतात ते तसंच्या तसं लिहून काढा. प्रश्न दोन जातीचे निघतात. एक जात म्हणजे "१७ नंबर आत्ता चालू आहे का", "काल सेकंड शिफ्टला कंप्रेसरचं प्रेशर कधी पडलं", "या मशीनचा स्पिंडल लोड महिन्याभरात वर सरकतोय का". सगळ्यात वेळ आहे, एखाद-दुसरं मशीन आहे आणि उत्तर लगेच पाहिजे. हे टाइम सिरीजचं घरचं मैदान. दुसरी जात वेगळी असते, "ज्या हीट नंबरच्या मटेरियलमधून कस्टमर कंप्लेंट आली, त्या हीटचे सगळे जॉब कुठल्या मशीनवर, कुठल्या ऑपरेटरने, कुठल्या लॉटच्या इन्सर्टने केले आणि त्या वेळी लोड काय होता". (हीट नंबर म्हणजे धातूच्या एका ओतणीचा नंबर, इन्सर्ट म्हणजे टूलचं बदलायचं कापणारं टोक.) इथे मशीनचा डेटा निम्माच आहे, बाकी निम्मं ईआरपीमध्ये (ऑर्डर-स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये), इन्स्पेक्शन रिपोर्टात, आणि खरं सांगायचं तर सुपरवायझरच्या एक्सेलमध्ये. अशा प्रश्नांना टाइम सिरीज डेटाबेस एकटा पुरत नाही, वेगवेगळ्या जागचं एकत्र जोडायला लागतं, आणि अशा वीस जागा, पाच प्लँट, सात वर्षांचा इतिहास असेल तर मग बिग डेटा प्लॅटफॉर्मचं नाव काढायला हरकत नाही.

लक्षात आलं का, मोठेपण जीबीमध्ये कमी आणि किती ठिकाणचा माल एका ताटात वाढायचाय त्यात जास्त आहे. माझ्या वहीत आजवर पहिल्या जातीचे प्रश्नच जास्त निघालेत, आणि दुसऱ्या जातीचे जे निघतात ते एका प्लँटपुरते असतील तर पोस्टग्रेसमध्येच भागतं.

आता ही दोन्ही अवजारं मुळात कशासाठी घडली ते थोडक्यात, कारण स्वभाव तिथूनच येतो. गुगलने २००३ आणि २००४ मध्ये दोन पेपर काढले, एक फाईल सिस्टिमचा, एक मॅपरिड्यूसचा, म्हणजे मोठं काम बऱ्याच मशीनवर वाटून करायच्या पद्धतीचा, त्यावरून २००६ मध्ये हडूप उभं राहिलं. काम काय होतं, तर अख्ख्या वेबची पानं शेकडो मशीनवर पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचायची. म्हणून तिथला एक ब्लॉक १२८ एमबीचा आणि प्रत्येकाच्या तीन कॉप्या. स्पार्क २००९ मध्ये बर्कलीत सुरू झालं, ते मेमरीत काम करतं म्हणून बरंच फास्ट, पण स्वभाव तोच, मोठा ढीग एकदम उचलायचा. दुसऱ्या, म्हणजे टाइम सिरीजच्या बाजूला प्रोमिथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये जन्मलं, सर्व्हरवर लक्ष ठेवायला, म्हणून त्यात डेटा ठेवायची मुदत आपणहून १५ दिवसच असते, हे न बघता लोक त्यात मशीनचा डेटा टाकतात आणि सोळाव्या दिवशी फोन करतात. इन्फ्लक्स २०१३ चं. टाइमस्केल २०१७ चं आणि ते पोस्टग्रेसच्या आतच बसतं, म्हणून तुमच्या पोराला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येत असेल तर वेगळं काही शिकायला लागत नाही आणि वर सांगितलेला हीट नंबरचा जोड तिथेच करता येतो. माझा कल याच बाजूला आहे, आधीच सांगून टाकतो. क्लिकहाऊस मधलं आहे, धड इकडचं नाही धड तिकडचं नाही, पण अब्जावधी ओळींवर बेरजा करायला जबरदस्त.

आता खड्डे. हे कोटेशनमध्ये लिहिलेले नसतात.

एका ठिकाणी मी गेलो तेव्हा व्हेंडरने आधीच मोठा प्लॅटफॉर्म बसवून दिला होता, आणि प्रत्येक मशीनची दर मिनिटाला एक फाईल पडत होती. ४० मशीन, १,४४० मिनिटं, दिवसाला ५७,६०० फायली, वर्षाला २ कोटींच्या वर, आणि एकेक फाईल जेमतेम काही केबीची. १२८ एमबीचा घास घ्यायची सवय असलेल्या राक्षसाला साबुदाणा एकेक करून भरवल्यासारखं ते. महिन्याचा रिपोर्ट लावला की पहिला बराच वेळ नुसती फायलींची यादी करण्यात जायचा, वाचणं लांबच. हडूपमध्ये तर प्रत्येक फाईल आणि तिचा ब्लॉक मिळून नेमनोडच्या (फायलींची यादी सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) मेमरीत साधारण ३०० बाईट खातात, २ कोटी फायलींचे ६ जीबी रॅम फक्त नावं लक्षात ठेवायला. आम्ही दुसरं काही केलं नाही, रात्री एक जॉब लावला जो दिवसभराचं सगळं एकत्र करून पार्के या कॉलमनुसार दाबून ठेवणाऱ्या फॉरमॅटच्या दोन-चार मोठ्या फायली करतो, तेवढ्यानेच रिपोर्ट माणसात आला. तर व्हेंडरला विचारा, फायली किती मोठ्या पडतात आणि एकत्र कोण करतं.

टाइम सिरीजचा खड्डा उलट्या बाजूला आहे, त्याला कार्डिनॅलिटी म्हणतात, म्हणजे वेगवेगळ्या सिरीज किती आहेत ते; एका मशीनच्या एका टॅगची रीडिंगची रांग म्हणजे एक सिरीज. मशीन आणि टॅग मिळून आपल्या ४८० सिरीज आहेत, हे त्याला काहीच नाही. पण कोणीतरी हुशारी करून प्रत्येक जॉबचा सिरियल नंबर लेबल म्हणून लावतं, दिवसाला ३,००० जॉब निघत असतील तर प्रत्येकाचे १२ टॅग धरून रोज ३६,००० नवीन सिरीज, आणि जुन्या जात नाहीत. इन्फ्लक्सच्या जुन्या १.x मध्ये एका लेबलच्या वेगवेगळ्या व्हॅल्यूंवर, म्हणजे इथे सिरियल नंबरांवर, १ लाखाची मर्यादा आपणहून असते, म्हणजे ३४ व्या दिवशी नवीन जॉबचा डेटा घ्यायचं बंद. मर्यादा वाढवली की रॅम जाते, प्रोमिथियसचं पण रॅमच जातं. सिरियल नंबर लेबलमध्ये घालू नका, वेगळ्या टेबलात जॉब नंबर, मशीन, सुरू वेळ, संपली वेळ एवढं ठेवा आणि वेळेवरून जोडा.

तिसरा खड्डा खिशाला. क्लाउडवरच्या डेटा वेअरहाऊसवर, म्हणजे मोठ्या रिपोर्टसाठीच्या भाड्याच्या डेटाबेसवर, लाइव्ह डॅशबोर्ड लावू नका. गुगलचं बिगक्वेरी ऑन-डिमांडमध्ये किती डेटा वाचला त्यावर पैसे घेतं, अमेरिकेतल्या दराने टीबीला ६.२५ डॉलर, वाचताना स्वस्त वाटतं. आता भिंतीवरच्या टीव्हीवर १२ पॅनेल आहेत आणि दर १० सेकंदाला रिफ्रेश, दिवसाच्या १ लाख ३ हजार ६८० क्वेरी. टेबल दिवसावर पार्टिशन केलंय, म्हणजे दर दिवसाचा वेगळा कप्पा आहे, असं धरलं तर प्रत्येक क्वेरी आजचा दिवस चाळते, वेळ, मशीन, आकडा अशा तीन कॉलमचे सरासरी अर्धा जीबी, गुणाकार करा, दिवसाला ३०० डॉलरच्या आसपास, एका टीव्हीचे. तासाचं पार्टिशन केलं तर बराच उतरतो, पण मुळात हे काम त्याचं नाही. स्नोफ्लेक या दुसऱ्या सेवेत वेगळी तऱ्हा, तिथे वेअरहाऊस (म्हणजे क्वेरी चालवणारं मशीन) रिकामं बसलं की आपोआप झोपतं आणि बिल थांबतं, पण दर १० सेकंदाला कोणी हलवून उठवत असेल तर झोपणार कधी.

आणि एक अगदी आपला देशी खड्डा. बहुतेक डेटाबेस वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) ठेवतात आणि दिवसाची बेरीज सांगितली की दिवस यूटीसीच्या मध्यरात्री सुरू करतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३० ला. नाईट शिफ्ट सकाळी ७ ला सुटते, त्यामुळे तिचा शेवटचा दीड तास दुसऱ्या दिवसात जाऊन बसतो. रोजचं प्रॉडक्शन रजिस्टरशी जुळत नाही, थोडंसंच चुकतं, म्हणून कोणाला महिनोन्महिने कळतच नाही, आणि मग ऑपरेटरवर संशय घेतला जातो. टाइमझोन सांगून टाका आणि फॅक्टरीचा दिवस ७ ते ७ धरा.

जुना डेटा बारीक करून ठेवताना पण बघा. कच्चा ९० दिवस, मिनिटाचा दोन वर्षं, तासाचा कायमचा, असं मी साधारण ठेवतो. पण नुसती सरासरी ठेवली तर मेलात, टूल तुटताना स्पिंडल लोड दोन सेकंद १४० टक्क्यांवर जातो आणि तासाच्या सरासरीत ३५ च दिसतो. मिनिमम, मॅक्सिमम, बेरीज आणि मोजणी, चारही ठेवा, सरासरी नंतर कधीही काढता येते. कच्चा डेटा उडवायच्या आधी पार्के करून स्वस्त स्टोरेजवर टाकून द्या, उद्या खरंच मोठा प्लॅटफॉर्म घेतला तर तो या फायली तशाच वाचेल. म्हणून मी म्हणतो "हे की ते" असं भांडायचं कारण नाही, टाइम सिरीज आत्ता घ्या, मोठ्या प्लॅटफॉर्मची सोय ठेवा.

ट्रायल घ्यायची तर डेमो डेटावर घेऊ नका, तो नेहमी गोड असतो. स्वतःचा एका आठवड्याचा डेटा द्या, त्यात नेट गेलेला दिवस मुद्दाम घ्या. वहीतले पाच प्रश्न द्या, त्यातला एक तरी हीट नंबरवाला, आणि शेजारी बसून घड्याळ लावा. मग गेटवेची (मशीनचा डेटा सर्व्हरकडे पाठवणाऱ्या डब्याची) केबल काढा, अर्ध्या तासाने लावा, मधला डेटा मागून येऊन नीट आपल्या जागी बसतो का, डबल तर होत नाही ना, ते बघा. मशीन बंद होतं म्हणून रीडिंग शून्य आणि नेट नव्हतं म्हणून रीडिंगच नाही, हे ग्राफवर वेगळं दिसलं पाहिजे, दोन्हीकडे सपाट रेघ दिसत असेल तर परत पाठवा. शेवटी डेटा येत असतानाच सर्व्हरचा प्लग खेचा. व्हेंडर अरे अरे करेल, करू द्या, गुरुवारी आपल्याकडे लाईट जाते तेव्हा ती कोणाला विचारून जात नाही. परत चालू झाल्यावर किती सेकंदांचा डेटा गेला तेवढं मोजा आणि कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवा.