लिनक्सला चालणारा राउटर कोणता घेऊ?

"लिनक्स? मग मॅडम, मी गॅरंटी नाही देत," असं म्हणून बाजारपेठेतल्या दुकानदाराने राउटरचा खोका परत फळीवर ठेवला. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत विंडोजच्या चार पिढ्यांची नावं होती, मॅकचं होतं, पण विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली असलेल्या लिनक्सचं नव्हतं. मी तोच खोका मागून घेतला, बिल केलं आणि घरी येऊन दहा मिनिटांत चालू केला. दुकानदाराची काही चूक नव्हती. प्रश्नच चुकीचा होता, आणि तो मीच विचारला होता.

मी चिपळूणला घरून डीटीपीचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) घातलेला एक जुना डेस्कटॉप आहे. लग्नपत्रिकांपासून पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांपर्यंत सगळं त्याच्यावरच होतं. ओळखीपाळखीत आता तिघाचौघांनी लिनक्स घेतलंय (म्हणजे मी त्यांच्या गळ्यात मारलंय), आणि प्रत्येकाचा पहिला फोन हाच असतो: "ताई, याला चालणारा मॉडेम कुठला घेऊ?"

नेटवर्कच्या वायरीने जोडता येणारा कुठलाही घ्या. आठ तारांची, टेलिफोनच्या पिनेची थोरली बहीण वाटावी अशी ती आरजे-४५ पिन ज्या डब्यात बसते, त्या डब्याला तुमच्या संगणकावर काय चालतं याच्याशी काही देणंघेणं नसतं. लॉगिन तो स्वतः करतो आणि संगणकाला एक पत्ता देतो. सेटिंगचं पान फायरफॉक्समध्ये उघडतं, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर. नक्की कुठल्या पत्त्यावर, ते डब्याच्या पोटावरच्या चिकटपट्टीवर छापलेलं असतं. ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, लागतो तो फक्त संगणकातल्या नेटवर्क कार्डाला, आणि तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बहुधा आधीपासून असतो.

हे शहाणपण मला २००६ साली आलं. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड तेव्हा आमच्याकडे नुकतं पोचलं होतं. (सरकारी व्याख्येप्रमाणे तेव्हा २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. २०२३ पासून ती किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे.) मॉडेमला दोन भोकं होती, एक यूएसबीचं आणि एक नेटवर्कचं. जोडायला आलेल्या मुलाने सवयीने यूएसबीची वायर लावली, सीडी घातली, आणि पडद्यावर काहीच येईना म्हटल्यावर "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असं सांगून चहा पिऊन गेला. संध्याकाळी मी वायर बदलून दुसऱ्या भोकात घातली. नेट चालू. ती सीडी पुढे कित्येक वर्षं आमच्या कढीलिंबाला पाखरं हाकायला टांगलेली होती.

म्हणजे लिनक्सचा प्रश्न खरा येतो तो यूएसबीत घालायच्या वस्तूंपाशी. त्यातली पहिली सिमकार्डाचा डोंगल. काही डोंगल संगणकाला स्वतःची ओळख नेटवर्क कार्ड म्हणून करून देतात. ते लावले की झालं, सेटिंगचं पानही ब्राउझरमध्ये उघडतं. काही मात्र आधी सीडी असल्याचं सोंग घेतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचं सॉफ्टवेअर ठेवलेलं असतं. त्यांचं सोंग उतरवायला 'यूएसबी मोडस्विच' आणि पुढे 'मोडेममॅनेजर' लागतो. उबुंटू, मिंट या लिनक्सच्या प्रकारांत हे सहसा आधीच असतं. तरी माझं मत विचाराल तर डोंगल घेऊच नका. सिमकार्ड आत बसणारा आणि मागे नेटवर्कचं भोक असलेला फोरजी किंवा फाइव्हजी राउटर घ्या. चार पैसे जास्त पडतील, कटकट जाईल.

दुसरी वस्तू म्हणजे वायफायचा छोटा यूएसबी डोंगल. इथे लोक सर्वांत जास्त फसतात, कारण राउटर उत्तम असतो आणि नेट मात्र येत नाही, मग शिव्या राउटरला. आत चिप कोणती आहे हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, आणि त्याच नावाच्या डोंगलमध्ये पुढच्या वर्षी दुसरीच चिप निघते. माझ्या भाच्याने असा एक आणला. कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही, कोणीतरी लिहिलेला बाहेरचा ड्रायव्हर स्वतः बांधून घ्यायचा, आणि कर्नल अपडेट झालं की तो पुन्हा बांधायचा. तिसऱ्या वेळी त्याने डोंगल आणि लिनक्स दोन्ही सोडायची धमकी दिली. घ्यायचाच असेल तर चिपचं नाव आधी शोधा. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चिपचा ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आतच आहे. हातातल्या डोंगलची चिप ओळखायला टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसयूएसबी' (lsusb) ही आज्ञा द्या, लॅपटॉपमधल्या कार्डासाठी 'एलएसपीसीआय' (lspci). नवीन लिनक्स टाकल्यावर वायफायच दिसत नसेल, तर फोन यूएसबीने जोडून त्यात 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. फोनचं नेट जवळजवळ नेहमी विनातक्रार मिळतं, आणि त्याच्यावरून बाकीचं उतरवून घेता येतं.

आता राउटरकडे. फायबर घरी येतं तेव्हा भिंतीवर जो डबा बसवतात तो ओएनटी. काचेच्या धाग्यातला उजेड घेऊन तो आपल्याला तांब्याच्या वायरीतून नेट देतो. हा बाजारातून आणायच्या भानगडीत पडू नका. त्याचा अनुक्रमांक नेटवाल्याच्या यंत्रात नोंदलेला असतो, त्याने नोंदवल्याशिवाय तुम्ही आणलेला डबा तिकडे ओळखलाच जात नाही. त्याचा घ्या, फक्त भाडं आहे की अनामत, आणि अनामत परत कधी मिळणार, ते पावतीवर लिहून मागा. आमच्या आधीच्या नेटवाल्याने ते तोंडी सांगितलं होतं. अजून तोंडीच आहे.

बहुतेक ओएनटीत वायफाय असतंच. दोन खोल्यांचा फ्लॅट असेल आणि नेट नीट चालत असेल तर तेवढ्यावर थांबा, वेगळा राउटर घेऊ नका. मी घेतला, कारण आमचं घर जुनं, चिऱ्याचं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर असं एकामागे एक, आणि ओएनटी ओटीवर. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडताना त्याचा जीव जातो. २.४ चं मागच्या पडवीपर्यंत पोचतं, पण हळू. राउटरवर चार अँटेना आहेत की सहा, याने चिरा पातळ होत नाही. दोन्ही पट्टे देणारा राउटर घ्या, तो घराच्या मध्यावर ठेवा, आणि डेस्कटॉपला मात्र वायरच ओढा. कॅट-६ची वीस मीटर वायर महागड्या राउटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

खोक्यावर बघायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहसा कोणी बघत नाही, ती म्हणजे भोकांचा वेग. मीही बघितला नव्हता. दीडशे एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि वेग मोजला की ९४ च्या आसपास अडकायचा. चार दिवस नेटवाल्याशी भांडले. मग टर्मिनलमध्ये 'इथटूल' (ethtool) ही वायरीच्या जोडणीचा वेग सांगणारी आज्ञा चालवून पाहिली तर वेगापुढे १०० एमबी. राउटरची भोकं १०/१०० ची होती. दोष माझ्या घाईचा. खोक्यावरचा मोठा आकडा वायफायचा असतो, भोकांचा नव्हे. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ शेजारी ठेवून बघा: दोन्ही एसी१२०० म्हणून विकले जातात, पण सी५०ची भोकं १०० एमबीपीएसची आणि सी६ची गिगाबिट. शंभराच्या आतला प्लॅन असेल तर पहिल्यानेही काही अडत नाही. वरचा असेल तर 'गिगाबिट' हा शब्द खोक्यावर बोट ठेवून वाचा. राउटर गिगाबिट असूनही इथटूल १०० च सांगत असेल तर वायरीवर संशय घ्या. आठांपैकी चारच तारा नीट दाबल्या असतील तर असंच होतं.

नेटवाला जोडणी करत असतानाच त्याच्याकडून दोन गोष्टी काढून घ्या. एक, लॉगिनचं नाव आणि पासवर्ड, म्हणजे पीपीपीओईचे, आणि व्हीलॅनचा (नेटवाल्याच्या जाळ्यातल्या आपल्या वाटेचा) क्रमांक असेल तर तो. नंतर फोनवर हे मिळवायला जन्म जातो. दोन, ओएनटी 'ब्रिज' करून देणार का? ब्रिज केला की तो फक्त उजेडाचं भाषांतर करतो आणि लॉगिन तुमचा राउटर करतो. थेट संगणकावरूनही लॉगिन करता येतं, लिनक्सच्या नेटवर्कमॅनेजरमध्ये तशी सोय आहे. पण मग काही साइट लगेच उघडतात आणि बँकेचं पान नुसतं फिरत राहतं, असं झालं तर एमटीयू (माहितीच्या एका पुडक्याचा कमाल आकार) १५०० च्या जागी १४९२ करा. पीपीपीओईची आठ बाइटांची चिठ्ठी प्रत्येक पुडक्याला चिकटते, तेवढी जागा सोडावी लागते. राउटर हे काम स्वतः करतो, म्हणून मी त्यालाच करू देते.

बाहेरगावाहून घरच्या संगणकात शिरायचं असेल तर राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही नेटवाल्याच्या सामायिक पत्त्यामागे आहात, आणि कितीही भारी राउटर आणला तरी बाहेरून कडी उघडणार नाही. त्याच्याकडून वेगळा पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा पत्ता, विकत घ्या, नाहीतर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) देतो का विचारा.

लिनक्सवाल्यांना एक खास लोभ असतो तो ओपनडब्ल्यूआरटीचा, म्हणजे राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर काढून त्यातही लिनक्स घालायचा. याची सुरुवात लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरपासून झाली. त्याच्या आत लिनक्सच निघालं, म्हणून २००३ मध्ये कंपनीला त्याचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचं मूळ लिखाण) खुला करावा लागला, आणि त्याच्यावर हा प्रकल्प उभा राहिला. तुम्हाला हौस असेल तर राउटर घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या उपकरणांच्या यादीत त्याचं नाव आणि हार्डवेअरची आवृत्ती दोन्ही शोधा. आवृत्ती खोक्यावर दरवेळी नसते, राउटरच्या पोटावर असते. व्ही२ आणि व्ही३ आतून निराळे असू शकतात, म्हणून दुकानात खोका उघडून बघायला लाजू नका. राउटरची फ्लॅश (साठवणीची जागा) १६ एमबी आणि रॅम १२८ एमबी याच्या खाली जाऊ नका. ओपनडब्ल्यूआरटीत मला आवडते ती एसक्यूएमची, म्हणजे नेटची गर्दी आवरायची सोय: मुलगी तिकडे मोठी फाइल चढवत असली तरी माझा व्हिडिओ कॉल अडखळत नाही. हौस नसेल तर हा सगळा परिच्छेद विसरा.

ज्याचं पहिलं सेटिंग फक्त मोबाइल ॲपमधूनच होतं आणि ॲप आधी ईमेल मागतं, असा राउटर मी घेत नाही. ब्राउझरमध्ये पान उघडलंच पाहिजे.

आणि वीज. पावसाळ्यात आमच्याकडे ती येते-जाते असं म्हणण्यापेक्षा जाते-येते म्हणावं. ओएनटी बहुधा १२ व्होल्टचा असतो. राउटरही १२ व्होल्टचाच निवडलात तर दोन तोंडांच्या एका छोट्या डीसी यूपीएसवर दोघं चालतात. दोन्ही अडॅप्टरांवरचे अँपिअर मिळवा, यूपीएस त्याहून जास्त देणारा घ्या. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की मात्र अडॅप्टर काढा आणि संगणकाची वायरही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण लाइटच्या तारेतून येते आणि नेटवर्कच्या तांब्यातून पुढच्या डब्यात जाते. टेलिफोनच्या काळात माझे दोन मॉडेम मे महिन्यातच गेले. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत सगळ्यांचे डबे दाराच्या चौकटीच्या वर गेले आहेत. माझा तर तुळईलाच खिळलाय, आणि रीसेट करायचा तर स्टूल लागतं.

जुना राउटर भंगारात देऊ नका, लांबच्या खोलीत वायफाय पोचवायला तो चालतो. रीसेट करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या), डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि मुख्य राउटरची वायर याच्या वॅन भोकात (बाहेरचं नेट घ्यायच्या) न घालता लॅनच्या (घरचे संगणक जोडायच्या) कुठल्याही भोकात घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवा. माझा १०/१०० वाला आता स्वयंपाकघरात मिक्सरच्या वरच्या फळीवर असतो, आणि सासूबाईंना तिथे बसून कीर्तन बघायला ९४ एमबीपीएस पुरून उरतात.